चालत्या रुग्णालयाला नवी इमारत जोडताना

५०-६० खाटांच्या रुग्णालयाशेजारी नवी इमारत बांधायची ठरली की पहिल्याच बैठकीत कोणीतरी टेबलावर नकाशा पसरतो. तो गुंडाळून ठेवायला सांगा. त्याची वेळ अजून दोन-तीन महिन्यांनी येणार आहे. विस्ताराची कामे सहसा फसतात ती जुनी आणि नवी इमारत जिथे एकमेकींना टेकतात तिथे. ऑक्सिजनची जुनी लाईन नव्या मजल्याला पुरत नाही, दोन्ही फरश्यांत हातभर फरक राहतो, जनरेटर एकाच इमारतीचा भार पेलतो, पाडकामाची धूळ थेट अतिदक्षता विभागात पोहोचते. अशा कामाची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर आलेल्या विश्वस्ताने किंवा व्यवस्थापकाने पुढच्या पायऱ्या याच क्रमाने घ्याव्यात आणि प्रत्येक पायरीवर या सांध्याकडे लक्ष ठेवावे.

आधी खाटांचा हिशेब

किती खाटा वाढवायच्या हे मागणीवरून ठरते, देणगीदाराला आवडलेल्या आकड्यावरून नाही. हिशेब सोपा आहे. वर्षभरात दाखल झालेले रुग्ण गुणिले सरासरी मुक्कामाचे दिवस, भागिले ३६५, म्हणजे रोज सरासरी किती खाटा भरलेल्या असतात ते कळते. वर्षाला ४,००० रुग्ण आणि ४ दिवसांचा मुक्काम धरला तर १६,००० खाट-दिवस, म्हणजे रोज साधारण ४४ खाटा. आता याला ०.८० ने भागा, कारण सगळ्या खाटा कायम भरलेल्या ठेवता येत नाहीत. उत्तर येते ५५.

८० टक्केच का? रुग्ण ठरलेल्या चालीने येत नाहीत. पुरुषांच्या वॉर्डात जागा असून स्त्रीरुग्णाला ती देता येत नाही, संसर्गजन्य रुग्णासाठी अख्खी खोली अडते. सरासरी ८५ टक्क्यांच्या वर गेली की आठवड्यातले काही दिवस रुग्णांना व्हरांड्यात झोपवावे लागणार हे गृहीत धरा. विभाग जितका लहान तितकी मोकळीक जास्त लागते. सहा खाटांचा आयसीयू ७० टक्क्यांच्या हिशेबानेच आखावा.

तोच हिशेब मुक्काम ३.५ दिवस धरून पुन्हा करा. गरज ४८ खाटांवर येते. एक वीटही न रचता सात खाटा हाती आल्या. त्यामुळे बांधकामाआधी एक महिनाभर प्रत्येक रुग्ण घरी जाण्याजोगा झाल्यानंतर किती तास अडकला आणि कशामुळे, याची नोंद ठेवा. तपासणीचा अहवाल, डॉक्टरांची उशिराची फेरी, बिल, घरी नेणारा माणूस न येणे, ही कारणे वारंवार दिसतील. यांतली निम्मी सुधारली तरी इमारत एका मजल्याने लहान होऊ शकते.

मग माणसे मोजा. आठवड्याचे तास १६८. एका कर्मचाऱ्याची ड्यूटी ४८ तासांची असली तर एक जागा चोवीस तास भरायला ३.५ माणसे लागतात. रजा, आजारपण आणि प्रशिक्षण धरले की चार-साडेचार. ४० तासांच्या आठवड्यात हाच आकडा पाचच्या घरात जातो. सहा खाटांच्या आयसीयूत दोन रुग्णांमागे एक परिचारिका ठेवायची तर पाळीला तीन, म्हणजे एकूण १२ ते १५. एवढी माणसे मिळणार नसतील तर ती खोली कुलूप लावून ठेवण्यासाठी बांधली जाईल. बांधकामाला देणगी मिळते, पगाराला सहसा मिळत नाही. पाच वर्षांच्या चालू खर्चाचा तक्ता मंजूर झाल्याशिवाय भूमिपूजनाची तारीख काढू नये.

जुन्या इमारतीला काय पेलेल?

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो आणि सगळ्यात जास्त पैसे वाचवतो. नव्या खाटांचा भार वीज, ऑक्सिजन, व्हॅक्यूम (रुग्णाच्या अंगातले स्राव ओढून घेणारी लाईन), पाणी, मैलापाणी, निर्जंतुकीकरण, धुलाई, स्वयंपाकघर आणि शवागार या सगळ्यांवर पडतो. यातले काय आहे तेवढ्यात भागेल आणि काय नव्याने उभारावे लागेल, याची एकेक नोंद करा.

विजेसाठी मागच्या १२ महिन्यांतली कमाल मागणी बिलावरून घ्या; ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवरच्या क्षमतेशी ती ताडून पाहा. सीटी किंवा एमआरआय येणार असेल तर स्वतंत्र फीडर, म्हणजे त्या यंत्रापुरती वेगळी वीजवाहिनी, लागतो. नाहीतर लिफ्ट सुरू होताना व्होल्टेज खाली जाते आणि यंत्र मधेच बंद पडते.

ऑक्सिजनचा हिशेब असा करा. आयसीयूतल्या १० रुग्णांना मिनिटाला सरासरी १० लिटर लागले तर मिनिटाला १०० लिटर, दिवसाला १,४४,००० लिटर. मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर वायू असतो, म्हणजे रोज २० ते २१ सिलिंडर. नाकावाटे जोराच्या प्रवाहाने ऑक्सिजन देणारे हाय-फ्लो यंत्र एका रुग्णाला मिनिटाला ६० लिटरपर्यंत ओढते, तेव्हा हे आकडे भराभर चढतात. इथे द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीचा विचार सुरू होतो. एक लिटर द्रवापासून सुमारे ८६० लिटर वायू मिळतो, त्यामुळे वरची रोजची गरज १७० लिटरांत भागते. टाकीला उघडी जागा, टँकरला वळण, आणि गटारापासून, इंधनापासून व तळघराच्या तोंडापासून अंतर हवे. टँकर उभा राहतो ती जमीन काँक्रीटचीच असावी, कारण डांबरावर द्रव ऑक्सिजन सांडला तर नुसत्या धक्क्यानेही स्फोट होऊ शकतो. आणि टाकी कितीही मोठी असली तरी मुख्य पुरवठा, दुसरा पुरवठा आणि राखीव सिलिंडर असे तीन स्वतंत्र स्रोत ठेवावे लागतात.

पाईपचा व्यासही तपासा. उगमाशी दाब बरोबर असतो, पण जुनी बारीक लाईन तशीच पुढे वाढवली तर शेवटच्या खाटेशी, सगळे व्हेंटिलेटर चालू असताना, चार बारचा दाब टिकत नाही. त्या वेळी अलार्म वाजतो तो नव्या इमारतीत, दोष असतो जुन्या.

पाण्याला खाटेमागे दिवसाला ४५० लिटर धरा. ६० खाटांना २७,००० लिटर, दोन दिवसांच्या साठ्याला ५४,०००. आगीसाठीचे पाणी यात धरायचे नाही. डायलिसिस असेल तर एका सत्राला सुमारे १२० लिटर शुद्ध पाणी लागते आणि शुद्धीकरणात बरेच पाणी वाया जाते, त्यामुळे कच्चे पाणी त्याहून खूप जास्त मोजा.

जुन्या नकाशांवर विसंबू नका. पंचवीस-तीस वर्षांत दहा प्लंबरांनी आपापल्या सोयीने केलेले बदल कागदावर नसतात. चेंबर उघडा, संशयाच्या जागी चाचणी खड्डे घ्या, पाण्याचा एकेक व्हॉल्व्ह बंद करून कुठला नळ बंद पडतो ते लिहा आणि व्हॉल्व्हला क्रमांकाची पट्टी बांधा. ऑक्सिजनच्या लाईनवर मात्र हा प्रयोग कदापि करू नये. ती पाईप हाताने माग काढत शोधायची.

पातळी, पाया आणि मधली फट

समजा जुन्या इमारतीच्या मजल्याची उंची ३.४ मीटर आहे. नव्या शस्त्रक्रियागृहाला छताखाली तीन मीटर मोकळी उंची, त्यावर हवेची डक्ट, दिव्याचा आधार, बीम आणि स्लॅब धरले की ४.२ ते ४.५ मीटर लागतात. ४.३ घेतली, तर पहिल्या मजल्यावर ९० सेंटिमीटरचा फरक पडतो आणि दुसऱ्यावर १.८ मीटरचा. १:१२ उताराने ९० सेंटिमीटर चढायला १०.८ मीटर लांब उतार हवा, वर दोन्ही टोकांना सपाट जागा. भरलेली खाट त्यावर ढकलायला दोन माणसे लागतात आणि उतरताना तिसरा पुढून धरतो.

म्हणून प्रत्येक मजला जुळवण्याचा हट्ट सोडा. कोणत्या एका मजल्यावर रुग्ण खाटेसकट ये-जा करणार हे ठरवा आणि तो मजला काटेकोर जुळवा. तळमजल्यावर अपघात विभाग आणि एक्स-रे, आणि त्याच पातळीला जोडमार्ग, ही मांडणी बहुतेक ठिकाणी चालते. बाकी मजल्यांना लिफ्ट आहे.

जुनी इमारत जमिनीत बसून झालेली असते, नवी बसायची असते. हा फरक दहा-वीस मिलिमीटरचा असला तरी दोन्ही स्लॅब एकमेकांत बांधले तर भेग पडणारच. मध्ये पूर्ण फट ठेवा: पाया वेगळा, कॉलम वेगळे, स्लॅब वेगळा. भूकंपप्रवण भागात ही फट स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या हिशेबानेच ठरते, कारण दोन इमारती वेगवेगळ्या तालात हलतात आणि अरुंद फटीत एकमेकींवर आपटतात. फटीवरची पट्टी फरशीच्या पातळीत बसवा. मांडीचे हाड मोडलेल्या रुग्णाला पाच मिलिमीटरचा उंचवटाही कळवळायला लावतो. फट ओलांडणाऱ्या प्रत्येक पाईपला आणि केबलला लवचिक जोड किंवा वळसा द्या.

नवा पाया जुन्या पायाहून खोल जात असेल तर एका दमात लांब चर खोदू देऊ नका. छोट्या तुकड्यांत खोदकाम, लगेच आधार, मग पुढचा तुकडा. खोदकामाआधी जुन्या भिंतींचे तारखेसह फोटो काढा आणि असलेल्या भेगांवर मापपट्ट्या चिकटवा. भेग नवी की जुनी हा वाद नंतर हमखास होतो.

आता नकाशा उलगडा

अपघात विभागातून एक्स-रे-सीटीकडे, तिथून शस्त्रक्रियागृहात, तिथून आयसीयूत हा रस्ता छोटा आणि लोकांच्या वाटेतून न जाणारा असला पाहिजे. निम्मा नकाशा इथेच ठरतो. त्यानंतर मापे बघा.

खाट साधारण एक मीटर रुंद आणि २.२ मीटर लांब असते. कॉरिडॉर कठड्यासह २.४ मीटर मोकळा हवा, दोन खाटा समोरासमोर आल्या तरी निघाल्या पाहिजेत. दाराची मोकळी रुंदी किमान १.२ मीटर; ती दार उघडल्यावर मोजायची, चौकटीवर नाही. खाटेच्या लिफ्टचा पिंजरा १.५ बाय २.७ मीटर असला की व्हेंटिलेटर आणि तीन माणसे सोबत मावतात. आणि लिफ्ट किमान दोन हव्यात. एक दुरुस्तीला बसली की दुमजली रुग्णालयही लंगडे होते. शस्त्रक्रियागृह ३६ चौरस मीटर, म्हणजे सहा बाय सहा, त्याखाली जाऊ नये. त्याच्या डोक्यावर शौचालय, न्हाणीघर, पाण्याची टाकी काहीही येऊ देऊ नका.

एमआरआयचा चुंबक काही टनांचा असतो. तो कुठे ठेवायचा यापेक्षा तिथपर्यंत कसा न्यायचा हा प्रश्न मोठा: वाटेतल्या प्रत्येक स्लॅबची ताकद, काढता येणारी एखादी भिंत, आणि दहा वर्षांनी जुना बाहेर काढायचा रस्ता. लिफ्ट, वाहनांचा रस्ता आणि जनरेटर त्याच्या जवळ नकोत, हलत्या लोखंडाने आणि कंपनांनी प्रतिमा बिघडते. एक्स-रेच्या भिंतींना साधारण दोन मिलिमीटर शिशाइतके संरक्षण लागते, पण नेमकी जाडी किरणोत्सर्ग-सुरक्षेच्या तज्ज्ञाने यंत्र आणि शेजारच्या खोल्या पाहून काढावी. दार, खिडकीची काच आणि भिंतीत खोचलेले स्विचबोर्ड यांतूनच किरण निसटतात.

मापांवर सही करण्याआधी एक खोली प्रत्यक्ष उभी करा. रिकाम्या हॉलमध्ये जमिनीवर टेपने भिंती आखा, पुठ्ठ्याचे कपाट, खरी खाट, खरी ट्रॉली. त्यात रात्रपाळीच्या परिचारिका, वॉर्डबॉय आणि सफाई कर्मचारी यांना नेहमीची कामे करायला लावा: खाट वळवणे, रुग्ण उचलणे, फरशी पुसणे. हात धुण्याचे बेसिन औषधे तयार करण्याच्या ओट्याशेजारी आले की पाण्याचे शिंतोडे ओट्यावर उडतात आणि मोरीतले जंतू त्यांच्यासोबत. अशा चुका नकाशावर कोणाला दिसत नाहीत, इथे दहा मिनिटांत दिसतात. या दिवशी मेट्रनचा, म्हणजे मुख्य परिचारिकेचा, शब्द आर्किटेक्टच्या वर असावा.

हवेचा हिशेब थोडक्यात: शस्त्रक्रियागृहात तासाला किमान २० वेळा हवा बदलावी, त्यातली चार वेळा बाहेरची ताजी, आणि खोलीत दाब जास्त. सहा बाय सहा आणि तीन मीटर उंच, म्हणजे १०८ घनमीटरच्या खोलीला तासाला २,१६० घनमीटर हवा. क्षयासारख्या हवेतून पसरणाऱ्या आजारांच्या खोलीला १२ बदल आणि उलट कमी दाब. ताजी हवा घेण्याचे तोंड जनरेटरच्या धुरापासून आणि बाहेर टाकलेल्या हवेपासून किमान साडेसात मीटर लांब ठेवा. जुन्या इमारतीची तोंडेही मोजा, नवी भिंत त्यांच्यासमोर उभी राहू शकते.

आगीच्या वेळी खाटेवरचे रुग्ण जिन्याने उतरवता येत नाहीत. त्यांना त्याच मजल्यावर आगरोधक दारापलीकडे हलवायचे असते. जोडमार्ग इथे उपयोगी पडतो, एक इमारत दुसरीची आश्रयाची जागा होते. त्यासाठी दोन्हींमध्ये दोन तास टिकणारी भिंत आणि दार हवे, आणि त्या मार्गात मोडक्या खुर्च्या व सिलिंडर साठवायला सक्त मनाई.

पैसे शिल्लक असतील तर आणखी एक मजला नुसता सांगाडा म्हणून बांधून ठेवा. पुढे चालू आयसीयूच्या डोक्यावर मजला चढवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडते. अंदाजपत्रकात अनपेक्षित खर्चासाठी नव्या भागाला १० टक्के आणि जुन्याशी जोडण्याच्या कामाला त्याहून बरेच जास्त ठेवा. यंत्रांची निवड मात्र स्लॅब पडण्याआधी पक्की करा, नंतर निवडलेले यंत्र भिंती फोडायला लावते.

काम चालू, रुग्णालयही चालू

धुळीला इथे वेगळे वजन आहे. पाडकाम आणि खोदकामातून ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे दोन-तीन मायक्रॉनचे बीजाणू हवेत मिसळतात आणि बराच वेळ तरंगत राहतात. धडधाकट माणसाला त्याचे सहसा काही होत नाही. रक्ताचा कर्करोग, प्रत्यारोपण किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड चालू असलेल्या रुग्णाला त्यातूनच फुफ्फुसाचा जीवघेणा संसर्ग होऊ शकतो.

त्यामुळे जोडमार्गाची भिंत फोडण्याआधी आडपडदा उभा करा. तो फरशीपासून थेट वरच्या स्लॅबपर्यंत. फॉल्स सीलिंगपर्यंतच नेला तर धूळ वरून पलीकडे जाते, आणि ही चूक जवळजवळ प्रत्येक कामात एकदा होतेच. कामाच्या बाजूची हवा हेपा फिल्टरच्या (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीच्या) पंख्याने बाहेर खेचा, म्हणजे फट असली तरी हवा वॉर्डातून कामाकडे जाईल. दाराच्या फटीशी कागदाची पट्टी धरली की ती कुठे झुकते ते दिसते; रोज सकाळी तपासा. एसीची परतीची जाळी बंद करा, उंबऱ्यावर चिकट चटई, राडारोडा ओला करून झाकलेल्या गाड्यातून, रुग्णांच्या लिफ्टने कधीच नाही. कोरडा झाडू बंद. काम तिथल्या तिथे थांबवण्याचा अधिकार संसर्ग-नियंत्रण परिचारिकेला करारातच लिहून द्या, नाहीतर मुकादम तिचे ऐकणार नाही.

पाणी तोडून पुन्हा जोडले की पाईपमधला थर सुटतो आणि नळाला तांबूस पाणी येते. जोडल्यानंतर प्रत्येक नळ स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडून ठेवा, मगच वॉर्डाला वापरू द्या.

ऑक्सिजन जोडण्याचा दिवस

सगळ्यात जोखमीचे काही तास हेच. तांब्याचे पाईप आतून तेलाचा अंशही नसलेले असावेत आणि डाग देताना त्यांतून नायट्रोजन सोडलेला असावा. नाहीतर आतल्या बाजूला काळी पापडी धरते आणि ती व्हेंटिलेटरच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसते. नवी लाईन आधी स्वतंत्रपणे दाबाने तपासा. मग उलटसुलट जोडणीची चाचणी: एका वेळी एकाच वायूला दाब द्या, बाकी सगळ्या लाईन रिकाम्या ठेवा, आणि प्रत्येक खाटेशी असलेले वायूचे प्रत्येक तोंड (आउटलेट) उघडून बघा. शेवटी प्रत्येक ऑक्सिजनच्या तोंडाशी विश्लेषक यंत्र लावून टक्केवारी लिहा. ऑक्सिजन आणि नायट्रस ऑक्साइडच्या लाईनची अदलाबदल झाली तर शस्त्रक्रियागृहात माणूस जातो. दर पाचवे तोंड तपासून चालणार नाही.

जुन्या लाईनला जोड देताना पुरवठा थांबवावा लागतो. ऑक्सिजनवर असलेल्या प्रत्येक रुग्णाची यादी, प्रत्येकाशेजारी रेग्युलेटर लावलेला भरलेला सिलिंडर, आणि त्याच्यावर नजर ठेवणारे एक माणूस. हे काम रात्री करू नका, रात्री हात कमी असतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी, नियोजित शस्त्रक्रिया थांबवून करा. आणि जोड देतानाच पुढच्या टप्प्यासाठी एक जादा व्हॉल्व्ह बसवून त्याचे टोक बंद करून ठेवा. पुढच्या वेळी पुरवठा तोडावा लागणार नाही.

ताबा आणि स्थलांतर

कंत्राटदाराने चावी दिली आणि दुसऱ्या दिवशी रुग्ण आणले, असे होत नाही. मधे किमान सहा ते आठ आठवडे राखा. जनरेटरची चाचणी बटण दाबून घेऊ नका. मुख्य ब्रेकर खरोखर पाडा, लिफ्ट, एसी आणि निर्जंतुकीकरणाची यंत्रे चालू असताना. १० ते १५ सेकंदांत वीज परत आली पाहिजे, आणि तेवढा वेळ शस्त्रक्रियेचा दिवा व व्हेंटिलेटर यूपीएसवर तगले पाहिजेत. मग खोटा रुग्ण घेऊन पूर्ण रस्ता चाला: रुग्णवाहिकेपासून शस्त्रक्रियागृहापर्यंत, रात्री दोन वाजता, कमी माणसांत. मोबाइलला रेंज नसलेला कोपरा, न उघडणारे दार, सापडत नसलेले रक्ताचे नमुने पोहोचवण्याचे ठिकाण, हे सगळे अशा वेळी बाहेर येते.

स्थलांतराच्या आठवडाभर आधी नियोजित शस्त्रक्रिया कमी करा. औषधालय आणि प्रयोगशाळा आधी चालू, मग रुग्ण. दर दहा मिनिटांनी एक खाट हलवली तर ३० रुग्णांना पाच तास लागतात. तेवढा वेळ दोन्ही इमारतींत पूर्ण पथक हवे, म्हणजे त्या दिवशी दुप्पट परिचारिका.

रिकाम्या झालेल्या जुन्या वॉर्डाकडे मग कोणी बघत नाही. तिथल्या ऑक्सिजनच्या लाईनचा विभागीय व्हॉल्व्ह बंद करून कुलूप लावा. न वापरलेल्या नळांच्या पाईपमध्ये पाणी साचून लिजिओनेलासारखे जंतू वाढतात, आणि ती पाईप चालू वॉर्डाशी जोडलेलीच असते. तो भाग वापरायचा नसेल तर फाटा मुख्य लाईनशीच कापा. वापर पुढे सुरू होणार असेल तर आठवड्यातून एकदा प्रत्येक नळ काही मिनिटे सोडा आणि नोंदवहीत सही घ्या.